तिसरा फण

ऑक्टोबर आला की नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या बाहेरच्या शेतांत मका कापायला यंत्रं येतात. मी रोज सकाळी सायकलमार्गाच्या कडेने फिरायला जातो. एका हाताला चिप बनवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या काचेच्या इमारती, जिथे माझा मुलगा समीर कामाला जातो. दुसऱ्या हाताला मका, माझ्यापेक्षा दीड हात उंच. उन्हाळाभर तो भिंतीसारखा उभा असतो. मग एक दिवस पलीकडचं गाव, चर्चचा मनोरा, लांबवरच्या गायी असं सगळं एकदम उघडं पडतं. हवेत चिरलेल्या हिरव्या ताटांचा ओला, किंचित आंबूस वास राहतो. यंत्र चालवणारा माणूस काचेच्या खोलीत बसलेला असतो आणि त्याच्या पायाला मातीचा कणही लागत नाही.

हा वास आला की मला दुसरी माती आठवते. इथली वाळूची, करडी. ती काळी होती. हस्ताचा पाऊस थांबून दोन-तीन दिवस ऊन पडलं की ती माती पायाला चिकटायची थांबते, पण मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो. त्याला वापसा म्हणतात. पुण्यात वाढलेल्या मला हा शब्द वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळला, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात, रब्बीच्या पेरणीच्या दिवसांत. इथे कापणी चालू असते तेव्हाच तिथे पेरणी चालू असते. त्यामुळे हा महिना मला दोन्ही बाजूंनी धरतो.

या दिवसांत सूर्य इथे डोक्यावर येतच नाही. आजारी माणसासारखा घरांच्या भिंती धरत धरत दिवसभर चालतो. इथल्या खिडक्या मोठ्या आणि पडद्यांचं कुणाला फारसं पडलेलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन दिवाणखान्यात तिरकं शिरतं, सोफ्यावरून सरकत समोरच्या भिंतीवर चढतं आणि तिथल्या एका चौकटीवर येऊन थांबतं.

त्या चौकटीत मी काढलेलं चित्र आहे. प्रौढांच्या साक्षरता वर्गासाठी छापलेल्या एका वाचनपाठाचं पान: तिफणीचं चित्र, खाली मोठ्या अक्षरांत ‘तिफण’, कोपऱ्यात माझी सही. पुण्याचं घर आवरताना समीरला ते पुस्तक ट्रंकेत सापडलं. त्याने पान अलगद सोडवून घेतलं, आइंडहोवनला नेऊन फ्रेम करून आणलं आणि मला विचारण्याआधी टांगलंसुद्धा. घरी कुणी आलं की ते त्या चित्रासमोर थांबतं. “काका, हे तुम्ही काढलंय? काय शेडिंग आहे.” समीर सांगतो, “बाबांनी खेडोपाडी लोकांना वाचायला शिकवलंय.” मी चहाच्या कपात बघतो.

इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्याचं काम माझी सून केतकी बघते. तीन वर्षं ती मागे लागली आहे. “बाबा, त्या चित्राची गोष्ट लिहा ना. लोकांना असं वाचायला आवडतं.” तीन वर्षं मी टाळलं. या वर्षी लिहितो आहे. ही तिने मागितलेली गोष्ट नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत. आडव्या लाकडात तीन फण रोवलेले. प्रत्येक फणामागे एक पोकळ नळा, आणि तिन्ही नळे वर एका लाकडी वाटीत जाऊन मिळतात. त्या वाटीला चाडं म्हणतात. बैल पुढे ओढतात आणि मागून बाई चालते. तिची मूठ चाड्यावर असते. बोटांच्या फटींतून ती बी अशा मापाने सोडते की तिन्ही भोकांत सारखं पडावं. एका भोकात कमी पडलं तर महिन्याभराने सगळ्या गावाला ती विरळ ओळ दिसते. दोन फणांची असते ती दुफण. हे मला आज माहीत आहे. चित्र काढलं तेव्हा मी फक्त पाहिलं होतं.

तालुक्याच्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर होतो आणि संध्याकाळी जवळच्या त्या गावात साक्षरता वर्ग घ्यायचो. कलाशाळेची पदविका असलेला परिसरात मी एकटाच, म्हणून वाचनपाठाची चित्रं माझ्याकडे आली. एका शेतकऱ्याला तिफण अंगणात उभी करायला सांगितली आणि मला शिकवलं होतं तसा एका बाजूला, थोडा तिरका बसलो. जवळचं मोठं, लांबचं लहान, उजेड डावीकडून. दोन फण छान दिसत होते. तिसरा मधल्या फणाच्या आणि नळ्याच्या आड गेला होता. आड गेलेलं काढायचं नसतं. चित्र अचूक होतं, अजूनही आहे. त्या जागी बसलं तर तसंच दिसतं.

गेल्या आठवड्यात नातीला, ईराला, शाळेची शरदाची सुट्टी होती. ती दहा वर्षांची आहे. आम्ही दोघं आगगाडीने लायडनच्या संग्रहालयात गेलो. मला इजिप्तचं विशेष काही नव्हतं. ममी पाहायची हौस तिची. पण एका दालनात एका उंच दगडासमोर मी अडकलो. वरपासून खालपर्यंत चित्रलिपी कोरलेली. पक्षी, डोळे, पाण्याच्या लाटा, आणि त्यांच्या मधेमधे आपली हत्यारं. मी नकळत मोठ्याने म्हणू लागलो, “हा विळा. ही कुदळ. हा नांगर. हा वाकस, सुतार लाकूड तासतात तो. हा कमानीने फिरवायचा सामता, भोक पाडायचा.”

“आजोबा, यू कॅन रीड धिस?”

“वाचता नाही येत गं. ओळखता येतं.”

“सेम थिंग,” ईरा म्हणाली आणि पुढे गेली.

मी मात्र तिथेच राहिलो. विळ्याला दात होते. कुदळीचा दांडा आणि पातं यांच्यामध्ये बांधलेली दोरी कोरलेली होती. ती दोरी नसेल तर पहिल्या घावाला कुदळ उकलेल, हे त्या कोरणाऱ्याला ठाऊक होतं. बोटाच्या पेराएवढ्या चिन्हातही तो ती विसरला नव्हता.

तेवढ्यात मुलांच्या घोळक्याला घेऊन संग्रहालयातल्या एक बाई आल्या आणि डचमध्ये समजावू लागल्या. ईरा माझ्यासाठी थोडं इंग्रजीत, थोडं मराठीत सांगत होती. “बघा, फेस साइडने आहे, पण डोळा समोरून. टेबलच्या खालचं आहे ते वर काढतात. म्हणजे काहीच लपत नाही.” मग थोडं ऐकून: “त्यांना वाटायचं, जे काढलंय तेच त्या डेड माणसाला पुढे मिळणार. जे नाही काढलं, ते नाहीच.”

“नाहीच?”

“नेइ, नाहीच, आजोबा. दॅट्स व्हाय दे शो एव्हरीथिंग.”

मी बाकावर बसलो. ईराला वाटलं माझे गुडघे दुखताहेत.

माझं चित्र छापून आलं त्या वर्षी साक्षरता वर्गाची परीक्षा वरच्यांनी ऐन पेरणीत ठेवली. गावातल्या बायका म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या सायबाच्या घरी जवारी पिकत न्हाय काय?” तरीही चौदाजणी आल्या. काही थेट शेतातून, कोपरापर्यंत माती घेऊन. परीक्षा घेणारा मी, तपासणारा मी, यादी करून पाठवणारा मी. पहिलाच प्रश्न होता: चित्र पाहून खाली नाव लिहा. पाच चित्रं, पाच गुण.

गयाबाई वर्गातली सगळ्यांत पुढची. तिचं आडनाव मी त्या यादीत माझ्या हाताने लिहिलं होतं, आज ते आठवत नाही. तिला पास होणं गरजेचं होतं आणि हे साऱ्या वर्गाला माहीत होतं. गावात बालवाडी निघणार होती. मदतनीस बाई नेमायची होती, तिला वर्ग पास असल्याचा दाखला लागणार होता. गयाबाईचा नवरा दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा, आणि तोडीला जोडी लागते म्हणून तीही जायची. दोन मुली होत्या. शाळा अर्ध्यात सोडून त्याही गाडीत बसायच्या. बालवाडीचं काम मिळालं तर ती मागे राहणार होती. थोरली मुलगी तेव्हा दुसरीत होती.

तिने तिफणीच्या चित्राखाली लिहिलं: दुफण. अक्षर मोठं, दाबून काढलेलं, कुठेही चूक नाही. मी लाल फुली मारली. उत्तरांची यादी माझ्यासमोर होती आणि तीत तिफण लिहिलेलं होतं. तिच्या बाकी एक-दोन ठिकाणीही चुका होत्या, त्या खऱ्या होत्या. पण पास व्हायला कमी पडला तो हाच एक गुण.

दुसऱ्या दिवशी निकाल सांगायला विस्तार अधिकारी आले होते. शाळेतली एकुलती एक खुर्ची त्यांना दिली होती. गयाबाई पेपर घेऊन टेबलापाशी आली.

“मास्तर, ह्याला लाल का केलं?”

“बाई, ती तिफण आहे.”

“कुटं हाय?”

“चित्र तिफणीचंच आहे. तिसरा फण मागे आहे, म्हणून दिसत नाही.”

“मोजून दावा.”

मी मोजले नाहीत. बायकांमधून कुणीतरी हसलं. गयाबाई हसली नाही. ती मला खरोखरच समजावून सांगत होती. “मास्तर, चाड्यावर मूठ माझी असती. दोन भोकं दिसली तर मी दोनातच बी सोडनार. मागच्या फणात कोन सोडनार, तुमी?”

आता सगळ्याच हसल्या. अधिकाऱ्यांनी कागदांतून मान वर केली. “काय गुरुजी, काय म्हणणं आहे त्यांचं?”

त्या क्षणी मला सगळं कळलेलं होतं. हे लिहायला मी पन्नास वर्षं घेतली, म्हणून स्पष्ट लिहितो. ती बरोबर आहे हे मला कळलं होतं. ‘साहेब, चित्रात चूक आहे, बाईंचं उत्तर बरोबर आहे,’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण पुस्तकावर माझं नाव होतं, ते जिल्हाभर गेलं होतं, आणि एका शेतावरच्या बाईने साऱ्या वर्गासमोर माझं चित्र मोडीत काढलं होतं. मी म्हणालो, “काही नाही साहेब. बाईंना चित्र नीट कळलेलं नाही.”

गयाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरची माझी पेन्सिल उचलली, वाचनपाठाची माझी प्रत स्वतःकडे फिरवून घेतली आणि चित्रात तिसरा फण काढला. कशाच्याही आड नाही, बाकीच्या दोघांच्या शेजारी, पूर्ण लांबीचा, आणि त्याच्यापासून चाड्यापर्यंत जाणारा नळा. नव्याने लिहायला शिकलेली माणसं दाबतात तशी ती पेन्सिल दाबत होती. टेबल हलत होतं.

“असं काडा,” ती म्हणाली, “म्हंजी सगळ्यास्नी कळंल.”

साहेब हसून म्हणाले, “हुशार आहे बाई.” मी म्हणालो, “पुढच्या वर्षी बसा परत परीक्षेला.” पुढच्या वर्षी वर्ग दुसऱ्या गावाला गेला.

त्या संध्याकाळी मी खोडरबर घेतला आणि तिची रेघ पुसली. का, ते मला सांगता येत नाही. प्रत माझी होती, कुणी पाहणार नव्हतं. रेघ गेली, पण कागदात दबलेला वळ गेला नाही.

चारेक दिवसांनी मी सायकलवरून त्या बाजूला गेलो होतो. वापसा झाला होता, सगळं शिवार पेरत होतं. एका रानात ती तिफणीमागून चालताना दिसली. पदर खोचलेला, मूठ चाड्यावर, नजर खाली. मी सायकल बांधाला टेकवून रानात उतरलो. काहीतरी बोलायचं ठरवून उतरलो होतो. ती थांबली नाही. थांबली असती तर बी एका जागी सांडलं असतं. माझ्यापाशी आल्यावर मान वर न करता म्हणाली, “मास्तर, रांग सोडून उभं ऱ्हावा. बी पडलंय.”

मी बाजूला झालो. ती पुढे गेली. मी बांधावर आलो, सायकल घेतली. तेवढंच.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या गेल्या. बालवाडीत शेजारच्या गावची बाई लागली. गयाबाईची थोरली पुढच्या वर्षी तिसरीच्या पटावर नव्हती. मी पट मागून पाहिला होता. पाहिला आणि परत दिला.

एवढंच असतं तर मी त्याला तरुणपणीची चूक म्हणालो असतो. पण पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी सगळी चित्रं नव्याने काढली. सावल्या काढून टाकल्या. तिफणीला तीन फण शेजारी शेजारी. बैलगाडीची दोन्ही चाकं दिसतील अशी, उखळाच्या आतलं मुसळ दिसेल असं. जिल्ह्याच्या बैठकीत एकजण उभे राहून म्हणाले, “गुरुजींनी खेड्यातल्या माणसाची नजर ओळखली.” टाळ्या झाल्या. त्या चित्रांवर मला पुण्याला बोलावणं आलं, आणि निवृत्त होईपर्यंत मी तशीच चित्रं काढली. नवीन मुलांना शिकवतानाही सांगायचो: काही झाकू नका, कशाच्या मागे काही ठेवू नका. त्यांनी विचारलं, “सर, हे तुम्हाला कसं सुचलं?” मी म्हणायचो, “अनुभवाने.” माझी बायको गेली, तिलाही हेच उत्तर ठाऊक होतं.

एकदा कामानिमित्त त्या रस्त्याने एसटीने गेलो. गयाबाईच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबली, दोघं उतरले. मी खिडकीशी बसून राहिलो. घंटी वाजली.

परवा दुपारी ऊन चौकटीवर आलं. ईरा सोफ्यावर उताणी पडून भिंतीकडे पाहत होती. संग्रहालयात मुलांसाठी एक टेबल होतं. कोरलेल्या चिन्हांच्या साच्यावर कागद ठेवायचा आणि खडू आडवा धरून घासायचा, की चिन्ह वर येतं. तिने विळा आणला होता, दातांसकट. तेव्हापासून ती घरातल्या सगळ्या उंचसखल वस्तूंकडे बारकाईने बघते.

“आजोबा, इथे लाइन आहे. समवन इरेज्ड इट.”

इतक्या वर्षांत कुणाला दिसली नव्हती. ऊन अगदी आडवं आलं तरच दिसते. मला ती केव्हा दिसते ते माहीत आहे.

“मी पुसली,” मी म्हणालो. आणि तिला सगळं सांगितलं. मराठीत, हळूहळू. तिने मध्ये एकदाच विचारलं, चाडं म्हणजे काय.

“सो शी वॉज राइट?”

“हो.”

“आणि तुम्ही तिला झीरो दिला?”

“हो.”

मोठं माणूस समजूत घालायला काहीतरी बोललं असतं, की त्या काळी, की नियम, की वय. ईरा दहा वर्षांची आहे. तिने विचारलं, “मग तुम्ही सॉरी म्हणालात?”

“नाही.”

“व्हाय नॉट?”

आतल्या खोलीतून समीर केव्हा येऊन उभा राहिला होता ते मला कळलं नाही. त्याने किती ऐकलं, तेही नाही. मी त्याला चौकट काढून द्यायला सांगितली. त्याने मागच्या पट्ट्या सोडवल्या, काच उचलली. पान जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मी ईराच्या कंपासपेटीतली मऊ पेन्सिल घेतली.

“बाबा, ओरिजिनल आहे ते,” समीर म्हणाला. “खराब होईल.”

“झालंय ते. मीच केलंय.”

पानाची कडा हलू नये म्हणून समीरने दोन बोटांनी धरून ठेवली.

पेन्सिल आडवी धरून मी घासायला सुरुवात केली, अगदी हलक्या हाताने. चित्राच्या उजव्या बाजूचा कागद करडा होत गेला, आणि त्या करड्यात वळाला शिसं लागत नव्हतं, तिथे पांढरं राहत होतं. आधी टोक दिसलं, जमिनीत जाणारं. मग फणाची लांबी. मग वर जाणारा नळा, थोडा वाकडा. तिथे टेबल हललं होतं. चाड्याला जाऊन तो भिडला. मग कोपऱ्यातल्या माझ्या सहीच्या वर मी तिचं नाव लिहिलं. नुसतं गयाबाई, कारण तेवढंच माझ्याकडे उरलं आहे.

परीक्षेच्या पहिल्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर बरोबर होतं. त्या पास होत्या. हे कुठेतरी छापलं जावं म्हणून केतकीला हा लेख देतो आहे. तो त्यांच्यापर्यंत पोचेल अशी माझी समजूत नाही. त्या असल्याच तर माझ्याएवढ्या म्हाताऱ्या असतील. पण त्यांच्या मुलींच्या मुली कुठे ना कुठे वाचत असतील.

समीरने काच पुसून चौकट पुन्हा भिंतीवर लावली. ऊन छताकडे सरकलं होतं. ईरा सोफ्यावर उभी राहिली, काचेवर बोट टेकवलं आणि मी मागितलं नसताना डचमध्ये फण मोजायला लागली.

“एन,” ती म्हणाली. “त्वे.”

मग बोट सरकवून करड्यातल्या पांढऱ्या रेघेवर आणलं.

“द्री.”